वाह म्हटलं तरी परत वाजवायचं नाही

आमच्या म्युझिक फॅकल्टीतल्या वाद्यवृंदाचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम हा होता की त्यातला प्रत्येक जण एकट्याने वाजवायला शिकलेला होता. म्हणजे बघा ना, लहानपणापासून आम्ही काय केलेलं असतं? गुरुजींसमोर एकटं बसायचं, एकटंच रियाज करायचा, स्टेजवर गेलं तरी एकटं, फार तर सोबत तबला. आणि मग एम.ए.ला आलं की अचानक सांगतात, चलो, आता सगळे मिळून वाजवा, आणि बिल्कुल एकसारखं वाजवा. कसं वाजवणार यार? सतारवाल्यांची अख्खी रांग, प्रत्येकाचे गुरुजी वेगळे, प्रत्येकाची मींड वेगळी. एकच ओळ दिली तरी दहा ओळी ऐकू यायच्या.

मी व्हायोलिनला होते. आम्ही मांडी घालून, व्हायोलिनची मान पायावर टेकवून वाजवणारे. हिवाळ्यात त्या हॉलच्या दरीवर, म्हणजे सतरंजीवर, बसलं की थंडी पायांतून वर यायची. दिल्लीची थंडी माहितीये ना? शालीतून फक्त बोटं बाहेर काढायची, आणि ती बोटंही लाकडासारखी. तारा तर ऐकायच्याच नाहीत. सगळ्यांची वाद्यं जुळेपर्यंत अर्धी तालीम संपायची, आणि शेवटची सतार जुळली की पहिली उतरलेली असायची. मला तो आवाज आजही सगळ्यात जास्त आठवतो. धून बिन नंतर, आधी तो गोंधळ, सगळे आपापला सा शोधतायत, कोणीतरी शेंगदाणे खातंय, कोपऱ्यात हीटर, आणि हीटरजवळची जागा कायम तबल्याची, कारण म्हणे तबल्याला ऊब लागते. तबल्याला नाही, तबलेवाल्याला लागायची!

आता ताईबद्दल सांगते. ती माझी सख्खी ताई वगैरे नाही. ती दिलरुबा वाजवायची, माझ्यापुढे एक वर्ष, राहायला द्वारकाला. मी मयूर विहारची. म्हणजे ती मेट्रोच्या एका टोकाकडून येणार, मी दुसऱ्या, आणि मध्ये राजीव चौकात वाद्यं सांभाळत भेटायचो. बाकी सगळे तिला दीदी म्हणायचे. मी एकटी ताई म्हणायचे, कारण अख्ख्या वृंदात मराठी आम्ही दोघीच. कोणाची चेष्टा करायची असेल तर मराठीत करायचो. फक्त प्रॉब्लेम असा की दोघीही दिल्लीत वाढलेल्या, त्यामुळे अर्धे शब्द आठवायचेच नाहीत.

“अगं त्या सतारवाल्याचा चेहरा बघ, अगदी तो... ते काय गं असतं, लोणचं झाल्यासारखा.”

“लोणचं नाही गं, काहीतरी दुसरं म्हणतात.”

“जाऊ दे, लोणचंच.”

तर ताईचं ते शेवटचं वर्ष होतं आणि तिने वृंदासाठी एक रचना केली होती. किरवाणी रागात, सात मात्रांच्या रूपक तालात. आता तुम्हाला वाटेल, मग काय झालं? झालं हे की आमच्याकडे वृंद फक्त तो बसवणाऱ्या सरांच्या रचना वाजवायचा. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण कित्येक वर्षं तसंच चाललेलं. विद्यार्थ्याची रचना वार्षिक कार्यक्रमात? कोणी विचारलंच नव्हतं. ताईने विचारलं. सर चष्मा पुसत म्हणाले, “अच्छा. बनाओ. सुनेंगे.”

ताई मेट्रोत नाचायचीच बाकी होती. मला म्हणाली, “हे वाजलं ना, तर मी इथे होते असं काहीतरी राहील. नाही वाजलं तर मी फक्त हजेरीपटावर होते.” ती हसत म्हणाली, पण मला माहीत होतं. डिग्री झाली की घरचे नोकरीचं बघणार होते, आणि ती नोकरी दिलरुब्याची नसणार होती.

ती समोर उभी राहून हातांनी इशारे करायची. मूठ म्हणजे थांबा. तळहात खाली म्हणजे हळू. आणि बोट हवेत गोल फिरवलं की तीच ओळ परत. तालमीत ते बोट इतकं फिरायचं की आम्ही तिला पंखा म्हणायचो.

पहिल्यांदा सरांना ऐकवायचं ठरलं त्या दिवशी सरांबरोबर एक पाहुणे गायक आले होते. सगळं मस्त चाललेलं. शेवटाकडे एक ओळ होती, वरच्या ‘सा’पासून उतरत येणारी, त्यानंतर तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं आणि खलास. ती उतरणारी ओळ खरंच सुंदर होती. पाहुण्यांच्या तोंडून निघालं, “क्या बात है!”

आणि झालं. एकट्याने वाजवायला शिकलेल्या माणसाला दाद मिळाली की तो काय करतो? तीच जागा परत घेतो! लहानपणापासूनची सवय, हाताला लागलेली. सतारवाल्यांच्या रांगेतल्या प्रत्येकाला वाटलं की ही दाद आपल्यालाच, आणि अख्ख्या रांगेने ती ओळ परत घेतली. वर प्रत्येकाने आपली आपली एक हरकत, म्हणजे सुरांची छोटीशी नक्षी, जोडून! तोवर सरोद आणि व्हायोलिनं तिहाईत शिरलेली. बासरीवाला मध्येच थांबला. तबलेवाल्याने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि हात मांडीवर ठेवून दिले. ताईची मूठ हवेत, पण कोण बघतंय.

सर काही ओरडले नाहीत. तेच जास्त वाईट. म्हणाले, “देखो बेटा, धुन अच्छी है. पर ये लोग वाह सुनते ही अपने-अपने घर चले जाते हैं. प्रोग्राम में मेरी पुरानी वाली रख देते हैं.”

“सर, एक बार और सुन लीजिए. प्लीज़. अगले शुक्रवार.”

सरांनी पाहुण्यांकडे बघितलं, पाहुणे ओशाळून छताकडे बघत होते. “अच्छा. शुक्रवार. आख़िरी बार.”

मला वाटलं ताई रडेल. ती कॅन्टीनमध्ये गेली, ब्रेड पकोडा घेतला, आणि पहिल्या वर्षाच्या गायनवाल्या मुलांच्या टेबलावर जाऊन बसली. “तुम लोगों को वाह-वाह करना आता है?”

आता गायनवाल्यांना हे विचारणं म्हणजे! दुसऱ्या दिवसापासून ते आमच्या तालमीला हजर. काम एकच: आम्ही वाजवत असताना कुठेही, कधीही, जोरात दाद द्यायची. आणि आमचं काम, ढिम्म राहायचं. वाह म्हटलं तरी परत वाजवायचं नाही. अरे काय हैदोस घातला त्यांनी! “जीते रहो!” “हाय, मार डाला!” एकाने तर शिट्टी मारली. एक जण सतारवाल्याच्या कानाजवळ वाकून अगदी हळू म्हणायचा, “उस्ताद, एक बार और...”

“दीदी, ये चीटिंग है!” सतारवाला ओरडला.

“चीटिंग नहीं, इलाज है. फिर से.”

आणि बोट गोल.

मंगळवारी रांगेतले निम्मे घसरले. बुधवारी दोघंच. गुरुवारी गायनवाल्यांचे घसे बसले आणि आमची रांग दगडासारखी. मला अजून आठवतं, त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या सतारी मिळून एक सतार वाटली. मी मागे वळून बघितलं तर दरीवर बसलेली ती पोरं दाद द्यायचीच विसरली होती.

शुक्रवारी सरांनी डोळे मिटून ऐकलं. एवढंच म्हणाले, “रख लो. पर जितना है उतना ही. एक आवर्तन ज़्यादा नहीं, बाद में दूसरा ग्रुप है.”

कार्यक्रमाच्या दिवशी ताईने आईची जांभळी पैठणी नेसलेली, आणि खाली स्पोर्ट्स शूज, कारण चपलांचा आवाज माइकमध्ये येतो म्हणे. पुढच्या रांगेत मोठमोठे गुरुजी, मागे आमचे आईबाबा मोबाइल वर धरून. सर डाव्या विंगेत उभे. हाताची घडी.

सुरू झालं. पहिल्याच मिनिटात पुढच्या रांगेतून दाद आली, मोठ्ठी. सतारवाल्याने ओठ दाबला, पण हात सरळ पुढे. परत दाद. कोणी हललं नाही. मला इतका अभिमान वाटत होता की माझाच बो घसरणार होता! आणि मग ती ओळ आली, वरच्या ‘सा’पासून खाली, सगळे मिळून, एक श्वास. हॉल गप्प. आणि डाव्या विंगेतून एक आवाज आला, अगदी हळू. “वाह.”

सर. अख्ख्या वर्षात मी त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. कोणीच नव्हता ऐकला.

आम्ही नाही हललो, शप्पथ. आमचा पक्का इलाज झाला होता. पण ताईचा इलाज कोणी केलाच नव्हता ना! ती तर कायम समोर उभी, तिला कधी कोणी वाह म्हटलंच नव्हतं. तिचे कान लाल झालेले मला दिसले. आणि तिचं बोट वर आलं आणि गोल फिरलं.

क्षणभर कोणाला खरं वाटेना. तबलेवाल्याच्या भुवया वर. पण हाताला त्या बोटाची सवय, आम्ही सगळेच्या सगळे परत वर गेलो आणि तीच ओळ घेतली. एकही हरकत नाही, कोणी आपल्या घरी गेलं नाही. मग तिहाई, सम, टाळ्या. किती टाळ्या!

विंगेत ताईने सरांच्या पायांना हात लावला. सर म्हणाले, “एक आवर्तन ज़्यादा हो गया.”

“सर, आपने वाह कहा.”

“तो? वाह कहना मेरा काम है. बहक जाना तुम्हारा काम नहीं.” चार पावलं गेले आणि थांबले. “साफ़ लिखकर ऑफ़िस में दे जाना. अगले बच्चों के काम आएगी.”

परतीच्या मेट्रोत आम्ही भांडलो. मी म्हटलं ती ओळ दोनदा लिही, लोकांना आवडली. ती म्हणाली, “नाही गं, चूक ती चूक. एकदाच आहे, एकदाच लिहिणार.” आणि एकदाच लिहिली, मी बघितलंय.

आता ती गुरुग्राममध्ये एका कंपनीत आहे, मी नोएडाच्या एका शाळेत मुलांना ‘सा’ लावायला शिकवते. दिलरुबा तिच्या कपाटावर असतो. परवा जुन्या ग्रुपवर कोणीतरी क्लिप टाकली. तोच हॉल, तीच दरी, सगळी नवी पोरं, ओळखीचं एकही नाही. आणि वाजवतायत काय, तर ताईची किरवाणी! मी ऑटोत होते, किंचाळलेच. ड्रायव्हर भैया म्हणाला, “मैडम, सब ठीक?”

ती ओळ आली आणि त्या पोरांनी ती दोनदा वाजवली. अगदी शांतपणे, जणू ती तशीच आहे. हे त्यांना कोणी शिकवलं असणार, सांगा बरं? सरांशिवाय दुसरं कोण आहे तिथे.

मी ताईला क्लिप पाठवली, खाली दहा-बारा रडके चेहरे. तिने बघितली, निळ्या खुणा आल्या. मला वाटलं मीटिंगमध्ये असेल, किंवा रडत असेल. संध्याकाळी व्हॉइस मेसेज आला, मागे ऑफिसची लिफ्ट वाजतेय.

“तिहाईत तबला पळतोय गं. त्या पोरांपैकी कोणाचा नंबर आहे का तुझ्याकडे? शनिवारी तालमीला जाऊन येते.”