पूजेतला पेचकस

शुक्रवार पेठेत आमच्या शेजारी चनबसप्पा मिस्त्री ऱ्हायचा. तवा सोलापुरात मोटारसायकली बोटावर मोजण्याएवढ्या, आन् बिघडली की त्याच्याच दारात यायची. इंजिनाला न भिणारा हा गडी देवाला मात्र लई भ्यायचा. खंडेनवमीला त्याच्या बानं हातोडा उचलला आन् दोन बोटं गमावली, हे त्यानं डोळ्यांनी बघितलेलं. तवापास्नं त्या दिवशी हत्यारं पूजेत मांडली की तो त्यांना हात म्हणून लावायचा न्हाय.

आन् नेमकी त्याच दिवशी माझ्या लेकीवर वेळ यावी! गोजर तिकडं मंद्रूपला अडलेली. मूल आडवं, सुईणीनं हात टेकलेले. तिचा दीर सायकल मारत सांगाय आला. मी पळत पेठेतल्या डॉक्टरांकडं गेले. ते लगेच उठले, पर त्यांची मोटारसायकल चालंना. किक मारली की काळा धूर ओकायची आन् गप्प. ढकलतच आणली चनबसप्पाच्या दारात.

त्यानं धुराचा वास घेतला. "पेट्रोल जास्त जातंय, वारा कमी. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवाय पायजे," म्हणाला आन् पूजेकडं बघून थिजला. "अक्का, उद्या करतो की."

"उद्या डॉक्टर काय मढं बघाय जाईल व्हय रं?" माझं तोंड कुटं थांबतंय! हळदकुंकवातला पेचकस मीच उचलला. "पाप माझ्या माथी. घे, मुडद्या!"

घेतला. स्क्रू जरा फिरवला, काळाच धूर. आणखी फिरवला, इंजिन पारच मेलं. "बघितलंस, अक्का? देवी कोपली." मीच लेकीला मारलं की काय, असं वाटलं.

"काल तर छान चालली होती," डॉक्टर म्हणाले. "आज सकाळी आईनं पूजा तेवढी केली."

चनबसप्पा दचकला. वाकून त्यानं कार्बोरेटरच्या वारा घ्यायच्या तोंडात बघितलं. आत झेंडू! म्हातारीनं यंत्राचं तोंड बघून तितंच भक्तीनं फूल खोचलेलं. वारा शिरणार कुटनं? पर देवीचं फूल ओढायचं कसं? त्यानं डोळे मिटले, हात जोडले आन् फूल काढून कपाळाला लावलं. मग स्क्रू पहिल्या जागी आणला. किक. धूर न्हाय, नुसता एकसारखा आवाज.

लाज गुंडाळून ठेवून मी डॉक्टरांच्या मागं बसले. मंद्रूपपतूर आवाज जरा अडखळला की माझा जीव जायचा. गोजर वाचली, पोरगी झाली.

चनबसप्पाचं भ्या मात्र गेलं न्हाय. आपली शिक्षा त्या लेकराला भोगाय लागंल, ह्याच धास्तीनं वर्षभर विचारायचा, "पोर बरी हाय न्हवं, अक्का?"

पुढच्या खंडेनवमीला पूजेत सगळी हत्यारं होती, पेचकस तेवढा दिसंना. मी विचारलं, तर त्यानं खिशावर हात ठेवला आन् पूजेकडं बघून दुसऱ्या हातानं कान धरला.

"कुणी आलं तर, अक्का."