निळू तपकिरी झाला

चष्म्याच्या दुकानदाराला अख्खी गल्ली 'डोळस' म्हणायची, आणि तो बिचारा ते कौतुक समजायचा. लग्न ठरताना त्याने "मी डोळ्यांचं काम करतो" एवढंच मोघम सांगितलं होतं. सासरच्यांनी त्याचा अर्थ डॉक्टर असा घेतला, त्याला तो काय करणार?

एकदा दुकानामागच्या रिकाम्या खोक्यात त्याला पिल्लू सापडलं. डोळे निळेशार. बायकोचा हट्ट ठाऊक होता: घरात कुत्रं आलंच तर जातिवंत.

"अगं, अस्सल हस्की आहे! डोळे बघ की."

"डोळ्यांकडे बघूनच ठेवतेय. उद्या भलतंच काही निघालं, तर त्याची रवानगी बाहेर."

पिल्लाचं नाव निळू पडलं. ते डोळसच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपायचं, आणि डोळस अनवाणी हिंडायचा. जीव जडला होता त्याचा.

काही आठवड्यांनी निळूचे डोळे मातकट दिसू लागले, मग चक्क तपकिरी. जनावरांच्या डॉक्टरांना हसू आवरेना. "अहो, बहुतेक पिल्लांचे डोळे आधी निळेच असतात. जन्मभर निळे राहणारे थोडे."

डोळसच्या तोंडचं पाणी पळालं. पण डोकं शाबूत होतं. त्याने बायकोला दुकानात बसवलं, तपासणीची जड फ्रेम तिच्या नाकावर चढवली आणि चेहरा गंभीर केला. "नंबर बदललाय गं तुझा." नव्या चष्म्यात त्याने गुपचूप निळसर काचा बसवल्या.

बायकोला भिंती निळ्या दिसल्या, दूध निळं दिसलं, नवराही निळा दिसला. निळूचे डोळे तेवढे काळे. उभा जन्म काचा विकल्या, पण तपकिरीवर निळी काच धरली की काळपट दिसतं, हे या शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिने चष्मा कपाळावर सरकवला, वाकून नीट पाहिलं.

"अहो, याचे डोळे तपकिरी आहेत."

डोळसने पिल्लू छातीशी घट्ट धरलं. "याला घालवू नकोस गं. खोटं मी बोललो, यानं नाही."

तिने चष्मा त्याच्या हातात ठेवला. "आधी यात साध्या काचा घाला, दूध नासल्यासारखं दिसतंय." मग निळूपुढे वाटी सरकवत म्हणाली, "आणि घालवतंय कोण? डॉक्टर समजून लग्न केलं, निघालात चष्मेवाले. तुम्हाला घालवलं का मी?"