गुळाचा खडा आणि डावा हात

“दुखत असतं तर हसली असती का ही?” तांब्या खाटेखाली सरकवत आयाबाई मोठ्या नर्सबाईंना म्हणाल्या, आणि कोपऱ्यातल्या खाटेवरची आठ-नऊ वर्षांची पोर पुन्हा खुदकन हसली. तिचं ऐकून शेजारच्या दोन मुली हसल्या, मग आयाबाईच हसल्या. मी पट्ट्यांच्या घड्या करत होते. ओठ दाताखाली धरले.

पोलीस ॲक्शनच्या आधीचं ते वर्ष. हैदराबादची इंग्रजी शाळा संपवून मी जालन्याच्या एका दवाखान्यात नर्सचं काम शिकायला लागले होते. मागच्या व्हरांड्यात भ्यालेल्या लेकरांसाठी चार खाटा होत्या. कुणी बोलत नसे, कुणी झोपेत किंचाळे, कुणी विनाकारण हसे. अशा लेकराचं दुखणं खरं की मनाचं, हे ओळखायची तिथली रीत ठरलेली होती. नर्सबाई गुळाचा खडा पुढं धरत. लेकरानं घेतला, म्हणजे दुखत नाही. घेतला नाही, तरच डॉक्टरीणबाईंना निरोप जाई. माझ्या इंग्रजी पुस्तकात ही परीक्षा कुठं सापडेना, पण विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि ते माझ्यानं होत नसे.

ही पोर आष्टीकडची. पंचमीच्या झोक्यावरून पडल्यापासून हसत सुटलेली.

“चार दिस झाले, हात लावला की हसून राह्यली,” तिची आई सांगत होती. “सासू म्हन्ती, लागिर हाय, भगताकडून डाग द्या. मीच म्हनलं, आधी दवाखाना बघू. न्हाई तर मंग हायेच भगत.”

नर्सबाईंनी खडा पुढं केला. पोरीनं डाव्या हातानं तो झडप घालून उचलला.

“उजव्या हातानं घे गं, भवाने. लोकं काय म्हनतील?” आई खेकसली.

पोर आणखी खिदळली. गाल गुळानं फुगलेला.

“डावा का असंना, खाल्ला ना?” नर्सबाई म्हणाल्या. “बिलकुल दुखत न्हाई हिला. न्या घरी.”

आई बोचकं बांधायला लागली. दुपारच्या गाडीला अजून वेळ होता, पण तिला स्टेशन गाठायची जल्दी होती, आणि गावी भगत वाट बघत होता.

मी पोरीचा झंपर सारखा करायच्या निमित्तानं जवळ गेले. उजवा हात मांडीवर कधीचा तसाच पडलेला होता. गळ्याशी, उजव्या बाजूच्या हाडावर, सुपारीएवढं टेंगूळ. माझं बोट नुसतं टेकलं तर ती इतकी हसली की पायाची बोटं आखडली आणि डोळे भरून आले.

शाळेत एकदा डेस्कचं झाकण माझ्या बोटांवर आपटलं होतं. बोटं काळीनिळी, आणि मी हसतेय. उद्धटपणाबद्दल बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं, तिथंही मी हसतच होते.

ते आठवलं आणि मलाच हसू फुटलं. पोर माझ्याकडं बघून हसे, मी तिच्याकडं बघून. चारी खाटा खिदळायला लागल्या. आयाबाई पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकल्या.

“आता यांना काय झालं?” नर्सबाई म्हणाल्या. “शिकाऊबाई, तुमालाबी गूळ पाह्यजे का?”

त्यावर तर मी खालीच बसले. आईनं बोचकं काखेत मारलं, पोरीला उठवायला हात पुढं केला, तोही नेमका त्याच खांद्याकडं. मी आईचा हात मधेच धरला. हसू थांबायचं नाव घेईना, म्हणून हसतच बोलले. दवाखान्यात आल्यापासून एवढं लांब मी कुणाशी बोलले नव्हते.

“नर्सबाई, आता गूळ तिच्या उजव्या हातात देऊन बघा. हात उचलणार नाही ती, नुसती हसेल. हाड मोडलंय तिचं. डॉक्टरीणबाईंना बोलवा. दुखलं की मीसुद्धा अशीच हसते.”