दार वाजवून या

नर्सबाईंचं निम्मं आयुष्य भावाच्या घरात गेलं आणि निम्मं हॉस्टेलच्या खोल्यांत. तिथं कुणीही न विचारता आत शिरायचं. पन्नाशीत स्वतःचं घर झालं, तेव्हा दारातलं कुलूप आपल्याच हातानं बसवायचं, असं त्यांनी ठरवलं. मदतीला भावजय आली.

"वन्सं, सुतार बोलवा की!"

"वहिनी, जन्मभर इंजेक्शनं दिली मी. एका दाराला काय घाबरायचं?"

ड्रिल घरघरलं, भुशानं दोघींचे केस माखले. कुलूप दारात झोकात बसलं. पण दार लावून किल्ली फिरवली तर कुलपाचा दांडा चौकटीवरच आपटला. चौकटीतलं भोक बोटभर खाली पडलं होतं! दोघी पोट धरून हसल्या. मग बाईंनी पटाशीनं लाकूड कोरून भोक वर वाढवलं, भोकावरची पत्र्याची पट्टी सरकवून स्क्रू पिळले. वहिनींना बाहेर उभं करून पुन्हा किल्ली फिरवली. दांडा खट्‌कन भोकात गेला.

"अहो, मला आत घेणार की नाही?" वहिनी ओरडल्या.

"आधी दार वाजवा!"

वहिनींनी ऐटीत टकटक केली. बाईंनी पदर सारखा केला, दार उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाल्या, "या, या! आमच्या घरी तुमचं स्वागत आहे."