पाणी की पत्रा?

काय सांगू तुम्हाला, एका तांब्याभर पाण्यानं माझी जी फजिती केली, ती शत्रूच्याही वाट्याला येऊ नये! चहा घ्या आधी, मग हसा.

लग्नात सासऱ्यांनी सोन्याचं खिशातलं घड्याळ दिलं होतं. मी पडलो गिरगावातला कारकून, मिरवायला नको? गणपती बोळवायला चौपाटीवर गेलो तोही घड्याळ लावून! कमरेएवढ्या पाण्यात शिरलो, गजर केला, बाहेर आलो तर खिसा रिकामा. गणपतीबरोबर घड्याळही गेलं!

आता दिवाळसणाला प्रभादेवीला सासऱ्यांकडे कुठल्या तोंडानं जाणार? धावलो बाजारात. दुकानदारानं शिकवणीच घेतली. "पाऱ्याचा मुलामा जाड, पण महाग. नुसतं सोन्याचं पाणी दिलेलं स्वस्त, पण दोन उन्हाळे घामात भिजलं की आतलं पितळ दात काढतं. आणि हा पत्रा! पितळेवर सोन्याचा पत्रा लाटून बसवलाय. विलायती माल, नातवापर्यंत टिकेल."

घेतलं पत्र्याचं. दिसायला हुबेहूब तेच!

सासुरवाडीला पोचलो, झोपाळ्यावर टेकलो. सासऱ्यांनी हात पुढे केला. "बघू हो जावईबापू, घड्याळ कसं चाललंय?"

दिलं. ते उलटसुलट करून बघतायत, इकडे माझ्या तोंडचं पाणी पळालंय. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज, "अहो, पाणी दिलंय का?"

संपलं! ओळखलं म्हातारीनं! स्वयंपाकघरात बसून ओळखलं!

मी ताडकन उठलो. "पाणी नाही हो सासूबाई! पत्रा आहे, पत्रा! चांगला विलायती! खरं सोन्याचं समुद्रात पडलं, गणपतीची शपथ!"

सासरे माझ्याकडे बघतच राहिले. मग झोपाळ्याची कडी धरून असे हसले की डोळ्यांतून धारा! "खरं? अहो, खरं कुठलं? त्यालाच तर नुसतं पाणी दिलं होतं!"

महिनाभर मी त्या पितळेसाठी झुरलो होतो! रडू की हसू, कळेना.

पण दारात सासूबाई तांब्या-भांडं घेऊन उभ्या. "म्हणजे? मला तर अस्सल सोन्याचं म्हणून सांगितलंत!"

सासऱ्यांचं हसू जागच्या जागी आटलं. ती दिवाळी आम्हा दोघांनाही भोवली. त्यांच्याशी सासूबाईंनी भाऊबीजेपर्यंत अबोला धरला.

माझ्याशी मात्र बोलतात हो! आजही उंबऱ्यात पाऊल टाकलं की तांब्या पुढे करून, गंभीर चेहऱ्यानं विचारतात, "जावईबापू, पाणी चालेल, की पत्राच हवा?"