जोडी मोडायची कधी

खोडाळ्याजवळच्या पाड्यावरचा जगन आयटीआय करून गोव्याला गेला. तिथं पाच वर्षं त्यानं एका तरंगत्या कॅसिनोत मशिनं दुरुस्त केली. अडकलेलं बटण, गेलेला पडदा, नोटा न घेणारी फट. नोकरांना खेळायला मनाई होती. जगनला त्याचं काही वाटलं नाही. त्याला दुसऱ्यांचा खेळ बघायला आवडायचं.

महिन्यातून एकदा कारवारच्या शेट्टीबाई व्हिडिओ पोकरला बसत. खानावळ मुलाच्या हाती देऊन मोकळ्या झालेल्या, साठीच्या पुढच्या. मशिन पाच पत्ते दाखवतं. हवे ते ठेवायचे, उरलेले एकदाच बदलायचे, आणि जे जमेल तसे पैसे. बाकीचे लोक धडाधड बटणं दाबत. बाई दर डावाला थांबत.

एकदा त्यांना दोन राण्या आल्या, आणि त्यातली एक धरून चार बदाम. पाचवा बदाम आला तर लावलेल्या पैशांच्या सहापट. बाईंनी बदाम सोडले, राण्या ठेवल्या.

जगननं न राहवून विचारलं, "बाई, बदामांमागं का नाही गेलात?"

"राण्या लावलेलं तरी परत देतात. वर काही जमलं तर ते वेगळं. पाचवा बदाम पाचांत एकदा येतो."

काही महिन्यांनी पाचही बदामच आले. दहा, गुलाम, राणी, राजा, आणि वर एक चौकी. सहापट पैसे पदरात पडलेले. बाईंनी चौकी टाकली आणि एक्क्याची वाट बघितली. आली किलवरची सत्ती. हाती काही राहिलं नाही. जगननं हातातलं काम सोडलं.

"जमलेलं मोडलंत?"

"एक्का आला असता तर दहापासून एक्क्यापर्यंत बदामांची सलग ओळ, आठशेपट. सत्तेचाळीस पत्त्यांत तो एक आहे. हिशेब बघशील तर मोडणंच बरोबर."

"पण गेलं ना."

"आज गेलं. असा डाव पुन्हा पुन्हा खेळता येईल एवढं माझ्याकडे बाजूला आहे, म्हणून मोडला. नसतं तर हिशेब बरोबर असूनही मीच बुडाले असते." मग पर्स आवरत त्या म्हणाल्या, "आणि मशिन शेवटी मालकाचंच असतं रे. मी इथं करमणुकीला येते."

वडील गेल्यावर जगन गावी परतला. उतारावर घरच्या जमिनीचे तीन तुकडे, तिन्हींत नागली, म्हणजे नाचणी. चुलतभाऊ तुका मोगरा लावायच्या मागं लागला होता.

"फुलं जीपनं नाशिकला जातात. लग्नसराईत भाव बघ. तिन्ही तुकड्यांत लाव," तुका म्हणाला.

"आणि भाव पडला तर खायचं काय?"

जगननं सर्वांत लहान तुकड्यात मोगरा लावला. तुकानं आपली सगळी जमीन घातली. दुसऱ्या उन्हाळ्यात भाव चांगला लागला आणि तुकानं मोटारसायकल घेतली. मोखाड्याच्या बाजारात लोक जगनला हसून म्हणाले, एवढी वर्षं जुगाराच्या बोटीवर राहून हा भित्राच राहिला.

जगनला ते लागलं. आपण चुकलो नाही हे त्याला कळत होतं, पण तुकाची गाडी दारावरून गेली की कळलेलं उपयोगी पडत नसे.

मे महिन्यात बायको राही त्याला कणगीजवळ घेऊन गेली.

"आत बघ. दोन वर्षं पुरेल एवढी नागली आहे."

"मग?"

"मग मधला तुकडा मोगऱ्याला दे."

"नागली कधी दगा देत नाय."

"तुझ्या त्या बाईनंही मोडलंच होतं ना? बाजूला होतं म्हणून मोडलं, असं तूच सांगतोस. आता आपल्याही बाजूला आहे. तू नुसता राण्या धरून बसलास."

जगननं कणगीत हात घालून बघितलं. सांभाळून खेळणं आणि खेळायचंच टाळणं यांतला फरक आपल्या लक्षात आला नव्हता, हे त्याला तिच्यापुढं कबूल करावं लागलं. पावसाळ्यात दोघांनी मिळून मधल्या तुकड्यात रोपं लावली.

यंदा त्या तुकड्याची फुलं आली, त्याच आठवड्यात भाव निम्म्यावर उतरला. तुका घरी येऊन डोकं धरून बसला. राहीनं त्याच्यापुढं नागलीची भाकर आणि चटणी ठेवली. जगन टोपली उचलून उरलेल्या कळ्या खुडायला वर गेला.