कावळ्यापुढचा शब्द

गहिनीनाथदादाच्या बागेत आता पेरूची अठरा झाडं जिवंत आहेत. एकशे दहा होती.

दादा बासष्ट वर्षांचा, मी सव्वीसचा. आमची मैत्री कोल्हारच्या एसटी स्टँडवर झाली. तो पेरूची पाटी घेऊन बसायचा. मी श्रीरामपूरला कॉलेजला जायला बसची वाट पाहायचो. मराठीत बी.ए. करतोय म्हटल्यावर म्हणाला, "मराठी तर आमाला बी येती, सम्राटराव. तिची परीक्षा कशाला?" पुढे त्याचे कोर्टाचे कागद मीच वाचून दाखवू लागलो.

बागेला पाणी यायचं ते चुलतभाऊ वैजनाथच्या शेतातल्या विहिरीचं. तीन दिवस याची पाळी, तीन दिवस त्याची. चाळीस वर्षं असंच चाललं. २०१७ साली मोटर जळाली. कोणामुळे, यावरून शब्दाला शब्द वाढला. वैजनाथने तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. त्याचं म्हणणं, सातबाऱ्यावर विहीर माझी, पाणीही माझं एकट्याचं.

दादाकडे कागद होता. वैजनाथच्या आईने, मालनबाईने, अंगठा उठवून दिलेला. दादा तिला नानी म्हणायचा. त्याची आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला वाढवलं. कागदात लिहिलं होतं, की माझा नवरा परक्या बाईसंगे घर सोडून गेला, पोर लहान आहे, विहीर आटली. थोरल्या दिरांनी, म्हणजे दादाच्या वडिलांनी, ती पदरच्या खर्चाने खोल केली. सबब निम्मं पाणी कायमचं त्यांचं.

नवरा तीन वर्षांनी परत आला. मुंबईला गिरणीत होता, असं गावाला सांगितलं. वैजनाथही तेच ऐकत मोठा झाला.

दावा लागला तशी नानी दादाच्या ओट्यावर येऊन बसली.

"गहिन्या, त्यो कागद काढू नगं."

"मग पानी जाईल, नानी."

"जाऊ दे. चार मान्सांत वाचत्याल त्ये. वैजाला कळंल. त्यात सृष्टीचं लगीन ठरतंय." सृष्टी म्हणजे वैजनाथची मुलगी.

दादाने कागद काढला नाही. वहिवाट जुनी आहे, एवढंच सांगितलं. त्याच्या वकील सत्यशीलाताईंनी विचारलं होतं, लेखी काही आहे का? तो नाही म्हणाला. २०१९च्या मार्चमध्ये निकाल लागला. विहीर वैजनाथची. अपिलाला तीस दिवस.

निकालानंतर अकराव्या दिवशी नानी वारली.

प्रवरेच्या घाटावर दहावा झाला. पिंड मांडले. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, एकही खाली येईना. जो तो नानीला वचन देऊ लागला. सृष्टीचं माहेर तुटू देणार नाही, झालं. तुझी शेळी विकणार नाही, झालं. ऊन चढलं. एक म्हातारा म्हणाला, "दर्भाचा कावळा करा आता. गाडी चुकंल माजी." एकदोघं हसले. मग वैजनाथ पुढे आला. हात जोडले.

"आये, दादाची पाळी मी बंद करनार न्हाई."

कावळा उतरला.

अपिलाचे नऊ दिवस उरले होते. मी दादाला आठवण करून दिली.

"कावळा शिवला की रं," तो म्हणाला. "त्याच्यावर आनिक कंचं कोर्ट?"

मला ते वाक्य फार आवडलं. वहीत लिहून ठेवलं. त्याऐवजी त्याला हाताला धरून अपिलासाठी बसमध्ये बसवायला हवं होतं.

वैजनाथने शब्द पाळला. तीन वर्षं पाणी सुरळीत आलं. मग त्याने ते शेत विहिरीसकट शिर्डीच्या एका हॉटेलवाल्याला विकलं. पाळी तेवढी चालू ठेवा, असं त्याला सांगितलंही. हॉटेलवाल्याने मान डोलावली आणि तारेचं कुंपण घातलं. दादा कुंपणापाशी गेला, तेव्हा तिथल्या माणसाने २०१९च्या निकालाची नक्कल दाखवली. वैजनाथचा शब्द वैजनाथपाशीच राहिला होता. निकाल जमिनीबरोबर गेला होता.

बाग वाळायला लागली. तेव्हा दादाने कागद काढला.

सत्यशीलाताईंनी तो दोनदा वाचला. "दादा, तेव्हा विचारलं होतं मी तुम्हाला."

"व्हय."

"आणि अपील का नाही केलंत?"

त्याने कारण सांगितलं. "मग आता कावळ्याला साक्षीला बोलावू का?" त्या म्हणाल्या. पण दावा लावला त्यांनी.

हॉटेलवाल्याच्या वकिलाने कोर्टात तो कागद मोठ्याने वाचला. कागद एवढा जुना, म्हणजे पहिल्यापासून यांच्या घरातच होता, एवढंच त्याला दाखवायचं होतं. जमीन विकणारा म्हणून बोलावलेला वैजनाथ मागच्या बाकावर बसलेला होता. 'परक्या बाईसंगे' ऐकून त्याने दादाकडे पाहिलं.

दावा फेटाळला. निकाल मी दादाला बाहेर लिंबाखाली वाचून दाखवला. अंतिम झालेला निकाल पक्षकारांना बांधतो, तसा त्यांच्याकडून जमीन घेणाऱ्याच्या बाबतीतही लागू राहतो. जो मुद्दा आधीच्या दाव्यात मांडता आला असता आणि मांडायला हवा होता, तो मांडला होता व नाकारला गेला, असंच धरलं जातं. हे वाक्य दादाने पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजी मी जे बोललोच न्हाई, त्ये बी कोर्टानं ऐकलं?"

"ऐकल्यासारखंच."

"आन न्हाई म्हनलं."

मी निकालाची घडी घातली.

वैजनाथ आला. थोडा लांबच उभा राहिला.

"माजा बाप गिरनीत नव्हता, दादा?"

दादाने नकाराची मान हलवली.

"तवाच त्यो कागद दावायचा हुता मला एकट्याला. घरात. मी दावा काढून घेतला असता."

"नानीनं नगं म्हनलं हुतं."

"मंग आज कसा काढला?"

वैजनाथ गाडीला किक मारून निघून गेला.

घरात दाखवायचा. हे आम्हा दोघांनाही कधी सुचलं नव्हतं.

यंदा पितृपक्षात दादाकडे गेलो होतो. मला म्हणाला, "पानी गेलं त्ये गेलं. नानीचं झाकलेलं उघडं केलं मी. फुकट." त्याने नानीच्या नावाचा घास पत्र्यावर ठेवला. खीर, वडा, आणि उरलेल्या झाडांपैकी एकाचा पेरू.

कावळा लगेच आला. दादा बघायला थांबला नाही, आत गेला.